एक्केचाळीस काड्या

परवीन टेकडीवर पोचली तेव्हा फोटो काढून झाले होते आणि उपीट चाललं होतं. फेब्रुवारीच्या वणव्यात जळालेल्या उतारावर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनी झाडं लावली होती. टिकाव, फावडी बाजूला पडली होती.

परवीन कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. वणव्यानंतर इथे आपसूक काय उगवतं, याची नोंद करायला ती दर रविवारी यायची. गवत गेलं होतं, झुडपं गेली होती, पण जमिनीखालचे कंदीलपुष्प या दुर्मिळ रानफुलाचे कंद शाबूत होते. वळवाच्या दोन सरींनंतर राखेतून करंगळीएवढे कोंब वर आले, तेव्हा तिला एकटीलाच हसू फुटलं होतं. एक्केचाळीस कोंब. कुणाचा पाय पडू नये म्हणून प्रत्येकापाशी तिने लाल चिंधी बांधलेली काडी रोवली होती.

आता काडीच्या जागी खड्डा होता आणि खड्ड्यात रोप.

"या मॅडम!" गटाचे म्होरके श्यामसुंदरकाका बशी सावरत पुढे आले. "तुमच्या खुणांमुळे तासाभरात उरकलं. एरवी खड्डे कुठे घ्यायचे, यावरच आमच्या तीन बैठका होतात."

परवीनने खड्ड्याबाहेरची माती चाचपली. टिकावाने दोन फाका झालेला कंद हाताला लागला. आतून पांढरा, ओला.

"काका, हे कंद आगीतून वाचले होते."

"असं होय? मग सांगायचं की! दोन-दोन घमेली शेणखत घातलं असतं."

तिला राग आला, रडूही आलं. पण काकांच्या तळहातांना फोड आले होते. तिने कंदाच्या दोन्ही फाका मातीत परत दाबल्या.

"चाळीसच रोपं मिळाली, म्हणून त्या खडकापाशी एक काडी राहिलीय बघा," काका म्हणाले. "आता तिथलं सगळं नीट करू. उद्याच आळं करतो, खत घालतो, पाण्याचा पाइप आणतो."

परवीन खडकाकडे गेली. काडीजवळ कोंब उभा होता, दोन पानं फुटलेला. ती मंडळींकडे पाठ करून त्याच्यासमोर बसली. काडी उपटून तिने पिशवीत टाकली.

"राहू द्या, काका," ती म्हणाली. "ही चुकून रोवली होती. इथे काही नाही."