आपुलकीचा रकाना

कल्पना माझीच. गिऱ्हाइकाचा नंबर टाकला की कॉम्प्युटरवर जी माहिती येते, तिच्यात पत्त्याखाली एक रकाना वाढवायचा. माणूस फोनवर घरचं जे काही बोलेल ते तिथे टिपून ठेवायचं, आणि पुढच्या खेपेला वस्तू गळ्यात मारण्याआधी तेच विचारायचं. नातवाचा ताप उतरला का, हरवलेलं कुत्रं सापडलं का. ऑफिसात सगळे त्याला आपुलकीचा रकाना म्हणायचे. वर्षभरात समोरच्या कंपनीची निम्मी गिऱ्हाइकं आमच्याकडे आली आणि मला काचेची केबिन मिळाली.

परवा बऱ्याच महिन्यांनी आईकडे गेले. स्वयंपाकघरात आमच्या कंपनीचे तीन वॉटर फिल्टर. दोन तर खोक्यातून बाहेरही काढले नव्हते.

"एकटीला तीन कशाला गं, आई?"

"ती फोनवरची मुलगी इतकं मायेने विचारते. तिला नाही कसं म्हणू?"

"काय विचारते एवढं?"

"काही नाही गं, असंच आपलं. तू जेवून जाणारेस की घाईत आहेस?"

घाईत होते.

सोमवारी केबिनमध्ये आईचा नंबर टाकला. रकाना काठोकाठ भरला होता. जिन्यात पडल्या होत्या, आता बऱ्या आहेत. गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय, भीती वाटते. आणि सगळ्यात वर, फोन करणाऱ्यांसाठी लाल अक्षरांत सूचना: 'मुलीचा विषय काढू नये. रडायला लागतात, विक्री राहून जाते.'