तनुजा नगरची कमान

"पप्पा, तनुजा नगरात तनुजाचा प्लॉट कोणता?"

माझ्या मैत्रिणीनं, मृण्मयीनं, पैज लावली होती, हे मी चारचौघांत विचारूच शकणार नाही. म्हणून कमानीपुढं नारळ फुटल्या फुटल्या विचारून टाकलं.

लातूर वाढत वाढत आमच्या सोयाबीनच्या रानापर्यंत आलं, तसे पप्पांनी रानाचे चाळीस प्लॉट पाडले. लेआऊटला नाव दिलं माझं. दोन्ही बाजूंनी रस्ता असलेला कोपऱ्याचा प्लॉट केला श्रीनाथदादाच्या नावावर. बाकीचे विकायला काढले.

माझा प्रश्न ऐकून पाव्हणे हसले, पप्पाही हसले. "येडी का काय तू? अख्खं नगर तुझंच हाय की! कमानीवर बघ, केवढं मोठं नाव टाकलंय. दादाचं हाय का कुठं?"

"लई लाडाची हायस तू त्यांची," आई म्हणाली.

मी मान वर करून कमान नीट बघितली. नाव खरंच लई मोठं होतं.

 

"आई, पप्पा, माझं ठरलं," मी पेढा संपवून म्हणाले. "दादावर अन्याय नको. कमान त्याला द्या, मी कोपऱ्याच्या प्लॉटवर भागवते."