पेंटरची स्वतःची पाटी

दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला गिऱ्हाइकांनी अगदी जेरीस आणलं होतं. समोरच्या शिंप्याने एकच पाटी तीनदा पुसायला लावून चौथ्यांदा रंग बदलायला सांगितला, तेव्हा तर पेंटरचा हातच थरथरू लागला. आणि हात थरथरला की पेंटरचा धंदा संपला.

"सगळ्यांना हो हो म्हणता, मग दुसरं काय होणार?" बायको म्हणाली. "गावभर पाट्या रंगवता ना? आता एक स्वतःसाठी रंगवा. आपल्याला कसली गिऱ्हाइकं नकोत, ते सरळ लिहून टाका."

पेंटरला पटलं. त्याने चार दिवस खपून पिवळ्यावर काळ्या, टपोऱ्या अक्षरांत पाटी रंगवली आणि दारावर ठोकली: 'घाई करणाऱ्यांनी, घासाघीस करणाऱ्यांनी आणि मजकूर बदलणाऱ्यांनी आत येऊ नये.'

दोन दिवस कुणी फिरकलंच नाही. पेंटरचा हात स्थिर झाला; आता बायकोचा थरथरू लागला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर बाहेर ही भली मोठी रांग! न्हावी, वाणी, चष्मेवाला, दातांचा डॉक्टर, सगळा बाजार उभा. सर्वांत पुढे शिंपी.



"पेंटरभाऊ, काय पाटी आहे हो! आम्हाला काय लोक कमी छळतात? मलाही हुबेहूब अशीच हवी. फक्त दुपारपर्यंत द्या, जरा कमीत बसवा, आणि ते 'घाई' आधी नको, शेवटी घ्या."