गुरुवारचा वर्ग

वर्गातून आवाजच येत नव्हता. भागीरथाबाई दाराबाहेरच थबकल्या. शाळा तर भरलेली होती. व्हरांड्यात पोरांच्या चपलांची वेडीवाकडी रांग होती. आणि चौथीची खोली दुपारच्या देवळासारखी शांत.

अकोल्याच्या जुन्या शहरातली ही शाळा त्यांनी विचारत विचारत शोधली होती. पंधरा दिवसांपूर्वी दर्यापूरच्या स्टँडवर शाळेजवळच्या मोहल्ल्यातली आयशाबी भेटली. "बाई, आपली तहरीम मास्तरीण झाली अकोल्याले. तुमचं नाव काहाडते नेहमी." नाव कसं काढत असेल, ते त्यांना ठाऊक होतं. तहरीम त्यांच्याच हाताखाली चौथीत नापास झाली होती. त्याला आपलं व्रत कारण झालं, हे बाई गेली वीस वर्षं मनात धरून होत्या. देवापुढे रोज कबूल करून झालं होतं. ज्या पोरीचं वर्ष गेलं, तिच्यापुढे कबूल करायचं तेवढं राहिलं होतं. सत्तरी जवळ आली. आता आणखी थांबायचं नव्हतं.

व्रत साधंच होतं. लेक तापातून उठली तेव्हा त्यांनी महाराजांना गुरुवार बोलला होता, दिवेलागणीपर्यंत मौनाचा. पण दर गुरुवारी रजा कुठून काढणार? मग बाई न बोलताच शिकवायच्या. दर्यापूरच्या त्या शाळेला टिनाचं छप्पर होतं आणि भिंतीपलीकडे कापसाची सरकी काढायचं जिनिंग. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की दिवसभर घरघर चालायची. एरवी बाई त्या घरघरीवर आवाज चढवायच्या, फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता सांगायच्या. गुरुवारी मात्र फळाभर चित्रं, हाताच्या खुणा आणि बाकाबाकावर चिंचोक्यांच्या ढिगल्या. बाई गप्प म्हणून पोरंही गप्प. भागाकार चुकला की बाई नुसता एक चिंचोका उचलून धरायच्या. पोरं तोंडावर हात दाबून हसायची आणि ढिगली पुन्हा मांडायची. अशा वेळी सगळ्यांच्या आधी हात वर व्हायचा तो तहरीमचा.

मग एका गुरुवारी शाळा समितीचे वामनराव दारात येऊन उभे राहिले. भर वर्गात म्हणाले, "बाई, पगार बोलाचा घेता का चूप बसाचा?"

पोरं खदखदून हसली. बाईंना उत्तर देता येत नव्हतं, मान तेवढी खाली गेली. पुढच्या गुरुवारी त्यांनी मौन मोडलं. महाराजांची क्षमा मागून बदल्यात निर्जळी उपास धरला. तो आजही चालूच होता. आजही ओठ सुकलेलेच होते.

त्याच थंडीत तहरीम मागे पडली. एकटक बाईंच्या तोंडाकडे पाहत राहायची. बाई फळ्याकडे वळल्या की शेजारणीच्या वहीत डोकवायची. "ध्यान कुठं असते तुयं?" म्हणून बाईंनी तिला दोनदा बाकावर उभं केलं. वर्षाअखेर ती नापास झाली. तिच्या बापानं, कुर्बानभाईंनी, तिचं नाव शाळेतून काढलं आणि तिला अकोल्याला आपल्या बहिणीकडे, तिच्या फुफीकडे, धाडलं. बाईंनी मनाशी एकच समजूत करून घेतली. इतके गुरुवार आपण तोंड मिटून बसलो, पोरीचा पाया कच्चा राहिला, तो आता उघडा पडला.

बाईंनी दार हळूच लोटलं.

फळ्यापाशी डोक्यावरून ओढणी घेतलेली एक उंच बाई उभी होती. तिनं खडूनं गोल भाकर काढली, तिचे चार तुकडे केले, एक पुसला आणि पोरांकडे वळून भुवया उंचावल्या. तीस हात वर गेले. बाकांवर चिंचोके होते.

तहरीमनं दाराकडे पाहिलं. मग तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि मागच्या बाकाकडे खूण केली. भागीरथाबाई निमूट जाऊन बसल्या. शेजारच्या चिमुरडीनं आपल्यातले मूठभर चिंचोके त्यांच्यापुढे सरकवले. गुळगुळीत, गार. बाईंनी ते मुठीत घट्ट धरले. किती वर्षांनी खडूचा तो वास नाकात भरला. पण आज गुरुवार होता. आपली चूक ही पोरगी का गिरवते आहे?

घंटा झाली. पोरं आरडाओरडा करत बाहेर पळाली. तहरीम जवळ आली, बाईंचे दोन्ही हात घेऊन तिनं आपल्या डोळ्यांना लावले.

बाईंनी बसमध्ये घोकलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "पोरी, मले माफ कर. माया त्या मौनापायी तुयं वर्ष गेलं. वामनराव बरोबर बोलले होते. मी उशिरा शहाणी झाली."

बाईंचं बोलणं संपेपर्यंत तहरीम त्यांच्या ओठांकडे पाहत होती. मग तिनं ओढणी थोडी मागे सारली. कानामागे बोराएवढं मशीन होतं.

"हे बाराव्या वर्षी बसलं, बाई. त्याच्याआधी मले निम्मं ऐकूच येत नोतं. घरी कोनाले मालूम नोतं, मलेबी नोतं. मले वाटे, सगळ्यायले असंच ऐकू येते, अन् मीच ढ आहो."

बाईंनी मुठीतले चिंचोके बाकावर ठेवले. "अन् गुरुवारी?"

"गुरुवारी मी ढ नोती ना, बाई."

तहरीम हसली, पण डोळे भरून आले. बाकावर उभी केलेली पोर विचारील तशा बारीक आवाजात तिनं विचारलं, "एकच सांगा. मंग गुरुवारी तुमी बोलाले का म्हून लागल्या?"