पोचूची तसबीर

लटारू पेंटरने पोचूचे डोळे पुन्हा पुसून काढले. चिंधी कोपऱ्यात भिरकावून तो उठला, दारापर्यंत गेला, परत येऊन बसला. महाल, जंगल, दरबार, नाटकाचा कोणताही पडदा तो हसत-खेळत रंगवायचा. पण हा एक माणूस काही केल्या कापडावर उतरत नव्हता. आणि दिवस मावळायच्या आत गुणवंतराव तसबीर न्यायला येणार होते.

पोचूचा फोटो कधी निघालाच नव्हता. तलावात जाळं टाकणारा मासेमार तो. वारलू नावाच्या माणसाबरोबर एका घरात, एका चुलीवर, नवराबायकोसारखा जन्म काढला. लोकांना ठाऊक होतं, तोंडाने कोणी बोलत नव्हतं. मग त्रेपन्न साली खुशाल आणि पत्रू या दोन तरुण पोरांना त्याच कारणावरून जातपंचायतीने वाळीत टाकलं, त्यांची जाळी फाडली. तेव्हा पोचू भर पंचायतीत उभा राहिला. "त्याइचा गुन्हा तोच माहा गुन्हा. टाकता तं मलेबी टाका," म्हणाला. सबंध उन्हाळा त्या चौघांना कोणी विहिरीवर येऊ दिलं नाही. पोचू दर बैठकीला जाऊन तेच बोलत राहिला. शेवटी पंचायत नमली.

यंदा पोचू वारला. मच्छीमार सोसायटीच्या नव्या घरात त्याची तसबीर लागलीच पाहिजे, असा खुशाल-पत्रूने हट्ट धरला. सोसायटीचे अध्यक्ष गुणवंतराव, तेव्हाच्या पंचांतलेच एक. ते कबूल झाले, पण लटारूला बजावून गेले, "फेटा बांध त्याले. मिशीले पीळ दे. मर्दासारखा दिसला पायजे."

दारात वारलू येऊन उभा होता. लटारूनेच त्याला बोलावणं धाडलं होतं. म्हातारा आत येऊन तसबिरीपुढे थांबला.

"कसा वाटते, वारलूभाऊ?"

"फेटा चांगला हाये. पन हा पोचू नोये."

"काऊन? नाक चुकलं का?"

"नाक त्याचंच हाये. पन हा कोनाले भेत नाई." वारलू खाली बसला. "पोचू लय भेत होता जी. पंचायतीच्या दिवशी सकायपासून त्याच्या पोटात अन्न टिकलं नाई. उभं राहून त्यानं पयले माह्याकडं पाह्यलं. मंग त्यानं माहा हात धरला. साऱ्याइच्या समोर. मी म्हनलं, सोड, लोक पाहून राह्यले. त्यानं सोडला नाई. हात धरूनच बोलला."

 लटारूने चिंधी उचलली आणि आधी फेटा पुसला. मग मिशीचा पीळ. डोळे या वेळी आपसूक आले, भ्यालेले, समोर रोखलेले.

"कसा धरला होता हात? दाखवा."

वारलूने आपलेच दोन हात एकमेकांत घालून पाहिले. जमेना. "एकट्याले नाई दाखवता येत."

लटारूने डावा हात पुढे केला. वारलूने दाराकडे पाहिलं. बाजाराचा दिवस, रस्त्यावर माणसांची ये-जा. दार लोटावं, असं लटारूच्याही मनात आलं. पण लोटलं तर उजेड जाणार होता.

"धरा," तो म्हणाला.

राठ बोटं त्याच्या बोटांत अडकली. लटारूचा तळवा घामाने भिजला. टोपली घेऊन चाललेली कलाबाई दाराशी थबकली, तिच्यामागे आणखी दोघं. कोणीतरी फिसकन हसलं. लटारूची कानशिलं तापली. उजव्या हातातला कुंचला भराभर चालू लागला.

मग दारातला उजेड अडला. गुणवंतराव आले होते, सोबत जुने पंच.

"हे काय चालू हाये?"

वारलूने झटकन हात ओढून घेतला आणि मान खाली घातली. लटारूचा हात अधांतरी राहिला. क्षणभर त्याला वाटलं, बरं झालं, सुटलो.

मग तो वाकला आणि त्याने वारलूचा हात पुन्हा धरला, बोटांत बोटं घालून.

"जरासे थांबा, भाऊ," गुणवंतरावांकडे न पाहता तो म्हणाला. "हात रंगवाचा राह्यला हाये."