पारा चौसष्टावर

पारा चौसष्टावर येऊन थांबला आणि दहा मिनिटं झाली तरी जागचा हलेना. रुचिका शितोळेने प्रॅक्टिकलच्या वहीत शाईने लिहिलं, पहिला द्रव, उत्कलनांक ६४ अंश.

शेजारच्या टेबलावरून सोनलने मान लांब करून पाहिलं. "पागल झालीस का? छप्पन लिही ना! ॲसिटोन आहे, सगळ्यांना माहीत आहे."

माहीत होतंच. या कॉलेजात परीक्षेच्या दिवशी बाटलीच्या आधी उत्तर पोचतं. प्रयोगशाळेचा शिपाई दौलतसिंह सकाळी काचेचं सामान वाटता वाटता दरवर्षीच्या सवयीने पुटपुटत गेला होता, "छप्पन और सौ, छप्पन और सौ." म्हणजे मिश्रणातला एक द्रव ॲसिटोन, छप्पन अंशांना उकळणारा, आणि दुसरं पाणी. मिश्रण तापवायचं, आधी जो उकळेल त्याची वाफ थंड करून वेगळी गोळा करायची आणि पारा कुठे थांबला ते लिहायचं, एवढंच काम. पण दरवर्षी तेच मिश्रण, त्यामुळे आकडा आधी लिहायचा आणि फ्लास्क मग तापवायचा अशी सोयीची रीत पडली होती. पारा फारच वर गेला तर थर्मामीटर बोटभर वर ओढायचा. वाफेच्या बाहेर आला की बिचारा गुमान उतरतो. आजही सोळा टेबलांपैकी पंधरांवर थर्मामीटर असेच ओढलेले होते.

भालचंद्र सर लाल पेन घेऊन आले. पंधरा वह्यांवर टिक मारून झाली होती, ही शेवटची. या प्रॅक्टिकलमध्ये पास झाली तर मालनपूरच्या औषध कारखान्यात रुचिकाची एक तारखेपासून नोकरी होती. नापास झाली तर ती जागा दुसऱ्या कुणाची. हे सरांनाही ठाऊक होतं, शिफारसपत्र त्यांनीच दिलं होतं.

"चौसष्ट?" सर म्हणाले. "थर्मामीटरचा बल्ब खाली गेलाय तुझा."

"नाही सर. बाजूच्या नळीच्या अगदी समोर आहे. तुम्हीच तर शिकवलं होतं."

सरांनी थर्मामीटर धरला आणि बोटभर वर ओढला. पारा उतरू लागला. साठ, अठ्ठावन, छप्पन. "हे घे. लिही आता."

रुचिकाने हात पुढे केला आणि त्यांच्या देखत थर्मामीटर होता तिथे परत बसवला. पारा चढला आणि चौसष्टावर थांबला. 

"ॲसिटोन नाहीच आहे हे," ती म्हणाली. गोळा झालेल्या द्रवात ॲसिटोन ओळखायचं रसायन घातलेली परीक्षानळी तिने स्टँडमधून उचलून खिडकीच्या उजेडात धरली. "असतं तर यात नारिंगी साका बसला असता. मी दोनदा करून बघितलं." नळीत साक्याचा कणही नव्हता.

सरांनी दौलतसिंहकडे पाहिलं. तो कोरडाच बीकर पुन्हा पुन्हा पुसत होता.

"साब, ॲसिटोन तो पिछले महीने ही खतम हो गया था. आपने ही कहा था, जो रखा है वो डाल दो. तो मैंने मेथेनॉल डाल दिया."

"मेथेनॉल," रुचिका म्हणाली. "चौसष्ट."

सर जवळ सरकले आणि त्यांनी आवाज उतरवला. "हे बघ बेटा. तुझं बरोबर धरलं तर त्या पंधरा जणांचं काय करू? सगळ्यांना नापास करू? छप्पन कर आणि मोकळी हो. पूर्ण मार्क देतो. नाहीतर शून्य पडेल, मग मला बोल लावू नकोस."

रुचिकाला भीती वाटली. मालनपूरची बस, कारखान्याच्या गेटवरचं नाव, सगळं हातचं जाताना दिसलं. पण त्याहून जास्त राग आला. तीन वर्षं ज्यांनी बल्ब कुठे ठेवायचा ते शिकवलं, तेच आज तो वर ओढत होते.

"सर, तुम्ही शून्य द्या. मी नाही बदलणार."

तिने पेन उघडलं आणि ६४ च्या खाली अक्षरी लिहिलं, चौसष्ट. मग वही फिरवून त्यांच्यासमोर ठेवली.

"क्यों पंगा ले रही है?" मागून कुणीतरी म्हणालं. तिने वळून पाहिलं नाही.

सरांनी लाल पेनाचं टोपण काढलं. पेन वहीवर टेकलं, पण लिहीना.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावर रबरी बूच किरकिरलं. सोनल आपला थर्मामीटर हळूहळू खाली दाबत होती. पारा छप्पनवरून हलला आणि चढत गेला. तो थांबेपर्यंत सोनलने वाट पाहिली, मग आपली वही ओढली आणि छप्पनवर, सरांच्या लाल खुणेसकट, सरळ रेघ मारली.

पलीकडच्या टेबलावर दुसरं बूच किरकिरलं.