गळावरची कलेजी

पुंजाजीने दोरी ओढली आणि गळ मोकळाच वर आला, धुतल्यासारखा स्वच्छ. कलेजी पाण्यात पडतानाच सुटली, की खाली मांगूर माशाने अलगद ओढून नेली, हे एक तो मासाच जाणे.

"गेली?" शेजारी बसलेल्या बशीरने विचारले.

"जाऊ दे बे. त्याचं पोट भरून राह्यलं, मले पुण्य लागीन."

बशीर पिंजारी हसला. त्याच्या पायाशी ओल्या पोत्याखाली एक हातभर मांगूर अजून मिशा हलवत पडला होता. बाजाराच्या दिवशी दोघांनी एकाच खाटकाकडून, एकाच बकऱ्याची कलेजी घ्यायची, आमना नदीच्या या डोहावर दिवस मावळेपर्यंत बसायचे आणि मासा मात्र बशीरलाच लागायचा, हे वर्षानुवर्षे चालत आले होते. कलेजी ही भारी नाजूक वस्तू. गळ टोचला की फाटते, दोरी भिरकावली की गळून पडते. बशीरची तेवढी चिकटून बसायची. गळ भरताना तो न चुकता पाठ फिरवायचा, आणि पुंजाजी दुसरीकडे बघत राहायचा. विचारायचे कसे? तरण्या वयात विचारले नाही, आता केस पिकल्यावर तर जीभच रेटेना.

घरी जाताना बशीर आपल्यातला एक मासा त्याच्या हातावर ठेवायचा. पुंजाजी तो ऐटीत न्यायचा आणि आपणच धरला म्हणून बायकोपुढे टाकायचा. अंबूबाई माशाचा जबडा उघडायची, आत डोकावायची आणि म्हणायची, "बशीरभाईले माहा सलाम सांगा." तिला कसे कळते, देव जाणे. एकदाच, फक्त एकदाच आपल्या हातचा मासा तिच्यापुढे टाकावा आणि तिने निमूटपणे चूल पेटवावी, एवढीच पुंजाजीची हौस होती.

आणि आज शेवटचीच बैठक होती. उद्या सकाळी बशीर आणि त्याची बायको गौसिया गाडी जुंपून निजामाच्या मोगलाईत, जालन्याला लेकीकडे निघणार होते, ते कायमचेच. कापूस पिंजायची कमानसुद्धा बांधून झाली होती. शेजारची ही जागा आता रिकामी राहणार होती.

त्याने उरलेल्या कलेजीकडे पाहिले, घसा खाकरला आणि एकदाचे विचारून टाकले.

"बशीर, तू तं चालला. मले सांगून तं जाय. तुहीच कलेजी काऊन टिकते?"

बशीरने त्याच्याकडे नीट बघितले. मग या वेळी त्याने पाठ फिरवली नाही. सदऱ्याच्या खिशातून पिंजलेल्या कापसाची एक बट काढली, गळाला कलेजी टोचली आणि ती बट तिच्याभोवती सैलसर गुंडाळली, जखमेला पट्टी बांधावी तशी. शेवटी दोन बोटांनी पीळ दिला.

"बस, इतकंच. कापूस भिजला का आवळते. आन् मांगुराच्या बारीक दातात असा गुतते, का त्याले सोडतो म्हटलं तरी सोडता येत नाई."

"हत् तेरी!" पुंजाजीला राग यायला हवा होता, पण हसूच फुटले. "सारा जन्म कापूस पिकवला मी, आन् हे नाई सुचलं. डोकं हाये बे तुले."

"डोकं माहं नाई." बशीर दाढी खाजवत म्हणाला. "तुह्या लगनाच्या साली अंबूवहिनी कापूस पिंजून घ्यायले आली होती. तवा गौसियाले सांगून गेली. तिचा बाप असाच गळ भरे म्हने. पैले तुलेच सांगतलं होतं तिनं. तं तू म्हटलं, बाईनं गळाच्या गोष्टीत पडू नये."

पुंजाजीला यातले काहीच आठवेना. पण बोल आपलाच आहे, हे मात्र ऐकताक्षणी ओळखू आले.

"मंग तू काऊन नाई बोलला इतके वर्स?"

"वहिनीनं शपथ घातली होती. म्हने, त्यायनं इचारल्याबिगर सांगू नोका."

पुंजाजीने आपला गळ जवळ ओढला. मग त्याने हात पुढे केला. बशीरने त्यावर कापसाची बट ठेवली आणि जरा लांब सरकून बसला. पुंजाजीने स्वतःच्या हाताने कलेजी गुंडाळली, पीळ दिला, दोरी सोडली. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेले असेल नसेल, तोच दोरीला असा हिसका बसला की म्हातारा गुडघ्यावर आला. बशीर मदतीला उठला नाही. तो नुसता "वढ, वढ!" करत मांडीवर थापा मारत होता.

गळ सोडवताना पुंजाजीने पहिल्यांदाच मांगुराच्या तोंडात डोकावून पाहिले. दातांत पांढरा कापूस अडकला होता.

घरी त्याने मासा अंबूबाईपुढे ठेवला. तिने सवयीने जबडा उघडला.

"बशीरभाईले माहा..."

"बशीरचा नाई हा."

"कापूस तं हाये."

"हाव. कापूस तुहा हाये," पुंजाजी म्हणाला. "मासा माहा."

अंबूबाईने वर पाहिले, मग माशाकडे पाहिले आणि एक शब्द न बोलता चुलीपुढे जाऊन बसली. तिने फुंकणी तोंडाला लावली. पण तिला हसू आवरेना, फुंकर काही बसेना, आणि जाळ काही केल्या धरेना.